सुनंदाच्या कोरी

वीज गेलेली, पंप बंद, आणि मी मगानं माशांच्या टाकीतलं पाणी उपसून उंचावरून परत सोडत होतो. तेवढीच पाण्यात हवा मिसळते. बाहेर कर्फ्यू होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला होता. मी कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहायचो, म्हणून प्रयोगशाळेपर्यंत पोचता तरी आलं.

मी परभणीला प्राणिशास्त्र शिकवायचो. टाकी आमच्या डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे मुलांकडून प्रात्यक्षिकं करून घेणाऱ्या सुनंदा खंदारेची. पिंगळीच्या पलीकडच्या एका गावातल्या बौद्ध कुटुंबातली ही पोरगी घरातली पहिली पदवीधर. तिनं कलकत्त्याहून कोरीडोरास, आमच्या बोलण्यात कोरी, मागवले होते. बोटाएवढा, मिशा असलेला, तळाशी अन्न हुंगत फिरणारा मासा. टोकदार खडीनं त्याच्या मिशा झिजतात, म्हणून तिनं नदीची बारीक वाळू धुऊन अंथरली होती. थोडं थोडं गार पाणी घालत गेलं की पाऊस आल्यासारखं वाटून मादी अंडी घालते. तशी मादीनं नुकतीच अंडी काचेवर चिकटवली होती. सुनंदाला त्यावर पेपर लिहायचा होता.

कोरीला वर येऊन तोंडानं हवा गिळता येते. त्यामुळं मासे जगले. अंडी मात्र पाणी हलत नसल्यानं पांढरी पडत गेली. बुरशी.

कर्फ्यू उठला तरी सुनंदा आली नाही. प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"खंदारे बाई गैरहजर आहेत. नोटीस काढा."

"सर, त्यांचं घर जाळलंय."

"अर्ज तर पाठवता आला असता."



नंतर ती आली, वडिलांबरोबर. राजीनामा देऊनच आली होती. टाकीपाशी वाकली.

"सगळीच गेली का, सर?"

"सगळीच."

तिनं ब्लेड घेतलं आणि काचेवरची अंडी खरवडून काढली. वडील दारातच उभे होते. मी त्यांना म्हणालो, "आमच्या घरी राहू द्या हिला. माझी बायको आहे, पोरं आहेत."

"तुमी ठिऊन घ्याल, साहेब," ते म्हणाले. "पर आमाला तिकडं झोप लागंल का? आमी समदेच नांदेडला निगालोत, भावाकडं."

सुनंदानं हात पुसले. "उन्हाळ्यात पाणी तापू देऊ नका," एवढंच म्हणाली.

उन्हाळ्यात मी टाकीभोवती ओली पोती गुंडाळली, माठातलं पाणी घातलं. परभणीच्या उन्हापुढं काही चाललं नाही. एकेक करत सगळे मेले. सुनंदा नांदेडला शिवणकाम करते, असं कळलं. तिच्या जागी दुसरा माणूस भरला गेला.

पुढं वर्गात कोरी शिकवताना मी एक सांगायचो. हा मासा वाईट पाण्यातही तग धरतो. तग धरलाय म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं समजू नका.