लाभार्थ्याची वकील

पद: लाभार्थी सहाय्य अधिकारी. धारण करणारी व्यक्ती: कुमारी रंजिता गुंडो चौगुले, मूळ गाव निपाणी, मराठी व कन्नड दोन्ही अवगत. कर्तव्य: परदेशातील नेमणुकीच्या प्रत्येक टप्प्यावर लाभार्थ्याच्या पाठीशी उभे राहणे. सदर पद कार्यालयाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

लाभार्थी म्हणजे ज्याचा व्हिसा काढायचा तो. कंपन्यांसाठी व्हिसाची कामं करणाऱ्या हेब्बाळच्या या वकिली फर्मला फी कंपनी देते, गुपितं लाभार्थी देतो. मोडलेलं लग्न, जुनी पोलीस केस, सगळं तो रंजिताला भडाभडा सांगतो. त्याची आपली समजूत, की ही आपली वकील.

अमित देवस्थळी त्यातलाच. अमेरिकेतून व्हिसाचा शिक्का घ्यायला आला आणि इथं आईवडिलांकडे अडकून पडला. बायको-मुलगी तिकडेच. रोज फोन. "रंजिता अक्का, स्वल्प बघा की आमचं." वयानं तो तिच्यापेक्षा मोठा.

बुधवारी त्याच्या कंपनीचा निरोप आला: याला नोकरीवरून कमी केलंय, व्हिसाचा अर्ज मागे घ्या, त्याला आम्ही महिनाअखेरीस कळवू. अर्ज मागे घेण्याचे कागद रंजितानंच तयार केले. संध्याकाळी अमितचा फोन.

"होसकोट्याच्या एका कारखान्यात नोकरी मिळतेय. उद्या सांगायचंय. नको म्हणून टाकतो. व्हिसा काय, येईलच."

"जरा थांबा, मी फोन करते," म्हणून ती फर्मच्या प्रमुख वल्लरी मॅडमच्या केबिनमध्ये शिरली.

"मॅडम, त्याला सांगू दे मला."

"आपला क्लायंट कोण, रंजिता?"

"कंपनी."

"मग झालं तर. प्रोसेसमध्ये आहे म्हणायचं. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतंच. या फर्ममध्ये खोटं कोणी बोलत नसे. एवढे वकील त्यासाठीच ठेवले होते.

"माणूस हातची नोकरी घालवायलाय. आणि मी प्रोसेस प्रोसेस करत बसू?"

"आवाज खाली."

रंजितानं आवाज खाली केला. जागेवर आली आणि त्याच खालच्या आवाजात अमितला फोनवर सगळं सांगून टाकलं.

मग तो म्हणाला, "तुम्ही माझ्या वकील ना? मग हे आता सांगताय?"

"तुमची कोणी न्हाई मी. कंपनीची वकील. ती नोकरी घ्या गप."

कंपनीचा राग होता, मॅडमचा होता, पण सगळ्यात जास्त राग तिला अमितचा आला होता. एवढा शिकलेला माणूस, आणि वकील कोणाचा हे विचारत नाही.

त्यानं होसकोट्याची नोकरी घेतली. माणूस कृतज्ञ. शिवाय तोंडी झालेलं बोलणं ईमेलनं पक्कं करायची त्याला ऑफिसातली सवय. कंपनीचा निर्णय वेळेवर सांगितल्याबद्दल त्यानं रंजिताचे सविस्तर आभार मानले आणि तिचं कौतुक व्हावं म्हणून एक प्रत वल्लरी मॅडमना पाठवली.

दुपारच्या आत रंजिताचं ओळखपत्र काढून घेतलं. कारण: गोपनीयतेचा भंग.

त्या पदावर नंतर कोणाला घेतलं नाही.