छातीत दुखत नव्हतं तरी

कुसुमताई मेश्राम यांची माझी खरी ओळख माझ्याच चुकीमुळे झाली. मोहगावजवळच्या आरोग्य केंद्रात मी नवी परिचारिका म्हणून रुजू झाले होते. ताई तिथल्या ज्येष्ठ सिस्टर. एके दिवशी माझे सत्तरीतले सासरे सकाळपासून बेचैन होते. छातीत दुखत नव्हतं; नुसती मळमळ, घाम आणि दम. मी पित्ताची गोळी देऊन कामावर आले आणि बोलता बोलता ताईंना हे सांगितलं. त्या तशाच उठल्या.

"म्हातारपणी अटॅकमंदी छाती दुखतेच असं नाही राहत, सुनंदा. चाल, घर दाखव."

घरी पोहोचलो तेव्हा सासरे मोटारसायकलवरून दवाखान्यात जायला निघत होते. ताईंनी त्यांना एक पाऊलही टाकू दिलं नाही. उशीला टेकवून बसवलं, रुग्णवाहिका बोलावली, डॉक्टरांना फोन लावला. ॲलर्जी नाही, रक्तस्रावाचा त्रास नाही, हे विचारून त्यांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन चावायला दिली. "गॅसच होऊन राहिला," सासरे म्हणत राहिले. ताईंनी वाद घातला नाही. नाडीवरचं बोटही काढलं नाही. सौंसरच्या रुग्णालयात ईसीजीत हृदयविकाराचा झटका निघाला, तिथून नागपूर गाठलं. सासरे वाचले. माझी चूक ताईंनी आजवर कुणाला सांगितली नाही, म्हणून मीच इथे लिहिते आहे.

सगळेच वाचले नाहीत. तिगावच्या एक आजी वाटेतच गेल्या. उशिरा बोलावलं म्हणून मुलगा स्वतःला दोष देत होता. ताई सुट्टी काढून दिवसभर त्याच्याजवळ बसल्या. त्यानंतर त्या गावोगाव म्हाताऱ्यांच्या घरी जाऊ लागल्या. दम लागला, घाम फुटला, घाबरं झालं, तर चालत निघू नका, आधी फोन करा, हेच सांगत. साठी आली, तरी हे फिरणं थांबलेलं नाही.

आणि मला स्वस्थता नाही. परवा सावरगावात एका घराच्या पायऱ्या चढताना ताई मध्येच थांबल्या. कपाळावर घाम होता. "धूप लागली," म्हणाल्या, उन्हाचं निमित्त करून. ईसीजी ठीक आला, पण नागपूरची पुढची तपासणी त्या साठीनिमित्त ठरलेला सत्कार होईपर्यंत टाळू पाहतात.

सत्काराच्या गौरवग्रंथात हे शोभत नसेल. पण ताई, छापायला देण्याआधी हे तुम्हांलाच वाचायला पाठवते आहे: नागपूरच्या तपासणीची उद्याची वेळ मी घेतली आहे. तुम्हांला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे व्यासपीठावर म्हणेनच. त्याआधी उद्या सकाळी गाडी घेऊन तुमच्या दारात उभी राहते.