भांडं बोललं पायजे

पोलादपूर स्टँडवर बोरिवली गाडी लागली, तेव्हा सकाळचं धुकं अजून डोंगराला लपेटून होतं. तोवर दर वर्षी बाबा गाडीच्या खिडकीत असायचे आणि मी खाली उभी. त्या दिवशी मी खिडकीत होते. गुजरातेत अंकलेश्वरला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. खिडकीचा गज धरून बाबा हळूच म्हणाले, "तिकडं कोणी इचारलं, बाप काय करतो, तर सुपरवायझर सांगितलंस तरी चालंल गो." कंडक्टरने घंटी मारली आणि बाबा धुक्यात मागे मागे गेले. त्यांना उत्तर द्यायला मला अकरा वर्षं लागली.

उमरठच्या बाजूची आमची वाडी तुम्हा पोलादपूरकरांना ठाऊकच आहे. अर्धी गावाला, अर्धी मुंबईत. वडील काय करतात विचारलं की आम्ही पोरं एका सुरात सांगायचो, "कंपनीत असतात." कसली कंपनी, तिथे ते नेमकं करतात काय, कुणालाच माहीत नसायचं, आणि त्याचं काही वाटायचंही नाही. बाबा शिमग्याला आणि गणपतीला यायचे, हातांना साबणाचा वास घेऊन. मला तो मुंबईचा वास वाटायचा.

नववीत विज्ञानाला महाडहून येणारे सर लाभले. त्यांची एक खोड होती. प्रत्येकाने घरच्या एका माणसाचं काम पायरीपायरीने लिहायचं आणि त्या माणसाला वर्गात बसवून त्याच्यासमोर वाचायचं. चूक निघाली तर ती त्या माणसानेच सांगायची. "बाकीच्या वह्या मी तपासतो, ही ते तपासतील," असं सर म्हणायचे. एकाचा काका औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर होता. तो बोलून खाली बसला आणि सरांनी तिथल्या तिथे फळ्यावर वाफेचा दाब शिकवायला घेतला. त्या वर्षी शाळा बुडवायचं कुणाच्या मनात येईना. आमच्या वर्गातले दोघं आज बॉयलरवर आहेत, ते उगाच नाही.

शिमग्याला बाबा आले, तेव्हा मी वही घेऊन बसले. "असतं गो काय तरी कंपनीतलं," म्हणत ते उठून गेले. मग मी मनानेच लिहिलं. माझे वडील सुपरवायझर आहेत. त्यांना टेबल आहे, डोक्यावर पंखा आहे, ते सह्या करतात. वर्गात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर अवघडून बसले होते. मी छान खणखणीत वाचलं. सरांनी नेहमीसारखं विचारलं, "बरोबर आहे का हो?"

बाबा उभे राहिले. "नाय सर. क्यांटीनला भांडी घासतो मी."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सरांनी शांतपणे खडू उचलला. "आधी कुठली घासता?"

बाबा आधी चाचरले, मग रंगात आले. "चहाची आधी, तेलकट शेवटी. नायतर एकाचं तेल सगळ्यांस लागतं. पाणी कढत पायजे. आन शेवटचं पाणी लगेच ओतायचं नाय, उजेडात धरून बघायचं. बोट फिरवलं की भांडं बोललं पायजे." सरांनी शाळेच्या खिचडीचं पातेलं मागवलं. बाबांनी बाह्या सारून ते घासलं, आतून बोट फिरवलं आणि पातेलं खरंच कुईं करून बोललं. साबण तेलाला कसा पकडतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. शरम मला त्यांच्या कामाची वाटली की माझ्या खोटेपणाची, हे अजून सांगता येत नाही.

अंकलेश्वरला पहिल्याच आठवड्यात साहेबांनी आम्हा नव्यांना विचारलं, औषध बनतं ते मोठं भांडं, म्हणजे रिॲक्टर, धुतल्यावर स्वच्छ झाला हे कसं ओळखाल? माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवटचं पाणी बघायचं." साहेब म्हणाले, "सरस!" आता तिथेच मी नव्या ऑपरेटरना शिकवते. बॅच, रिन्स, सॅम्पल हेच शब्द दिवसभर तोंडात असतात, आणि नाश्त्याला फाफडा. धुण्याच्या विभागात वाफ भरली की कधी कधी मी मनाने महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी उभी असते, आणि वाफेपलीकडे कुणीतरी बाह्या सारत असतं.

ओडिशाची, बिहारची, डांगची पोरं येतात. पहिल्या दिवशी मी प्रोजेक्टर बंद ठेवते आणि घरच्या माणसाचं काम लिहायला सांगते. बहुतेक जण लिहितात, पापा कंपनी में हैं. मग मी त्यांना नेमकं काम विचारायला घरी फोन लावायला लावते. त्याआधी माझ्या बाबांचं काम सांगते, भांड्यांच्या क्रमासकट. सगळ्यांना सांगून झालं होतं, फक्त बाबांनाच सांगायचं राहिलं होतं.

यंदा शिमग्याला गेले. बाबा आता कायमचे वाडीवरच असतात. दुपारी पडवीत बसून मी त्यांना त्यांचं काम नव्याने लिहिलेली वही वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बाबा, तिकडे विचारतात. मी हेच सांगते."

"सगळ्यांम्होरं?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी वहीच्या पानावरून बोट फिरवलं. माझे डोळे भरून आले. घर आता कुठलं, असं तुम्ही गावाकडची माणसं मला फोनवर विचारता. माझी वही जिथे अजून तपासली जाते, ते माझं घर.

"चूक हाय एक," बाबा म्हणाले. "करपलेलं पातेलं आधी भिजत घालायचं. ते लिव गो. पोरं चुकीचं शिकतील."