ओट्यामागचा जुगारी

आमच्या लालबागच्या खोलीत फळा लावायला मोकळी भिंत नाही, म्हणून मुलगी पीएच.डी.चं गणित ओट्यामागच्या टाइल्सवर मार्करने लिहिते. एकदा फोडणी देताना त्यातली एक ओळ मला कळली: जुगारी पुढच्या उत्तरावर पैज लावतो. हिचे वडील मटक्यापायी वाया गेले. स्वप्नात साप दिसला तरी सकाळी त्याचा आकडा काढून लावायचे.

मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. तिचा फोन वाजला की माझे कान टवकारलेले. कॉलेजला म्हणून निघते ती खरंच तिथे पोचते का, याचाही भरवसा वाटेना. शेवटी मेथी निवडताना सरळ विचारलं, “कोण गं हा जुगारी?”

ती हसली. तिचे वडीलही विचारलं की असेच हसायचे.

“अगं आई, माणूस नाहीये तो, माप आहे. कॉम्प्युटर ठरावीक वेळात सोडवतो अशा प्रश्नांचा एक गट घ्यायचा. प्रश्न अनंत, मग गट मोठा की छोटा कसं ठरवणार? प्रत्येक प्रश्न एकामागून एक आकड्यांना विचारत गेलं, की हो-नाही उत्तरांची न संपणारी रांग होते. जुगारी आधीची उत्तरं बघून पुढच्यावर पैज लावतो. एकाच युक्तीने तो गटातल्या प्रत्येक रांगेवर हवं तेवढं जिंकला, तर गट छोटा, जवळजवळ नसल्यासारखाच.”

“कायम जिंकणारा जुगारी? लग्न झाल्यापासून हेच ऐकलं मी.”

“रांगेत काही नियम असेल तरच जिंकतो. उत्तरं कशीही पडत असतील तर कुणाचीच युक्ती टिकत नाही. सिद्ध झालंय ते.”

मी मेथी खाली ठेवली. एकदा हिचे वडील मोठी रक्कम घेऊन आकडा लावायला निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले होते. “त्या दिवशी अडवलं नसतंस तर सगळं वसूल झालं असतं,” असं ते मरेपर्यंत म्हणत राहिले. खोटं कशाला सांगू, मलाही अधूनमधून तसंच वाटायचं.

“म्हणजे मी अडवलं नसतं तरी…?”

“त्या दिवशी लागलाही असता आकडा,” ती म्हणाली. “पण मग थांबले असते का बाबा?”

गणितावर माझा अजून विश्वास नाही. पण याचं उत्तर मला कुणी सिद्ध करून द्यायला नको होतं. “नाही,” मी म्हटलं, आणि त्या दिवसाबद्दल पहिल्यांदाच मला स्वतःचा नाही, त्यांचा राग आला.