लहान निर्देशांकाची सिद्धता

प्राध्यापक नवऱ्याच्या सत्काराला बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अनंत वस्तूंच्या अदलाबदलींवरची ती सिद्धता मुळात बाईंची. दोघं एकाच गुरूंकडे शिकलेले. मुलं झाल्यावर नोकरी मात्र बाईंनी सोडली आणि शोधनिबंधावर नाव एकट्या नवऱ्याचं लागलं. आज व्यासपीठावरून त्याने वेळेवर चहा दिल्याबद्दल बायकोचे आभार मानले.

शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी विचारलं, "वहिनी, हे नेमकं आहे तरी काय?"

"निर्देशांक लहान असलेला, म्हणजे अदलाबदलींचा पुरेसा मोठा उपगट घ्या," बाई म्हणाल्या. "मूठभर वस्तू अशा सापडतातच, की त्यांना जागेवर ठेवणारी प्रत्येक अदलाबदल त्या उपगटात असते."

"वा, सरांनी छान समजावलंय तुम्हाला."

"समजावतच आलेत, लग्न झाल्यापासून," म्हणत बाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.