कॉकपिटमधला नारळ

इशा गाडीतून बाहेर आली, मी स्टॉपवॉच थांबवलं आणि आकडा वाचायला मान खाली घातली. तेवढ्यात डोक्यावर कापड टरकन फाटल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक जाड, बद्द आवाज. मान वर केली तर तंबूच्या छताला भलंमोठं भोक पडलं होतं. आणि ज्या सीटवर इशा काही सेकंदांपूर्वी बसली होती, तिथे एक सुका नारळ पडला होता. सोडणासकट, म्हणजे वरच्या जाड सालासकट.

इशा चार पावलांवर उभी होती, हेल्मेट अजून डोक्यावर. तिने सीटकडे पाहिलं, मग छताच्या भोकाकडे, मग माझ्याकडे. मी आयुष्यात दोन मोठे अपघात जवळून पाहिले आहेत. दोन्ही वेळी मी आधी धावलो होतो. या वेळी जागचा हललो नाही.

हे कुठे घडलं ते सांगतो. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्याला समांतर एक रस्ता आहे. तिथे फॉर्म्युला गाड्यांची रेस होणार होती. फॉर्म्युला गाडी म्हणजे एका माणसाची, उघड्या चाकांची गाडी. चाकांवर पत्रा नाही, ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर नाही. बसायच्या खड्ड्याला कॉकपिट म्हणतात. मोठ्या रेसच्या गाड्यांना हल्ली डोक्यावरून एक मजबूत कमान असते. आमच्या गाड्या जुन्या वर्गातल्या. त्यांना ती नव्हती.

रेस ट्रॅकवर नव्हती, गावच्या रस्त्यावर होती. अशा रेससाठी रस्ता दोन-तीन आठवडे आधीपासून तयार करावा लागतो. स्पीडब्रेकर काढून नवं डांबर घालायचं, गटारांची झाकणं वेल्डिंग करून पक्की करायची, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे लावायचे, त्यांवर जाळी बांधायची. या सगळ्या सेफ्टीचा प्रमुख मी. पॅडॉक, म्हणजे गाड्यांचा तळ, तोही माझ्याच ताब्यात. छोट्या रेसला माणसं कमी असतात, त्यामुळे ड्रायव्हर झटपट उतरू शकतो की नाही ही परीक्षाही मीच घेत होतो. आग लागली तर ठरलेल्या सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे, असा नियम आहे.

मी मूळचा इथलाच. नोकरी सगळी बाहेर झाली, कोइमतूर, चेन्नई, नोएडा. आपल्या गावच्या रस्त्यावर रेस होतेय म्हटल्यावर माझी छाती फुगली होती. आयोजकांनी मला घेतलं तेही याचसाठी. "नाईक, तुम्हाला तिथलं सगळं माहीत," असं ते म्हणाले होते. मीही मान डोलावली होती.

पहिल्यांदा हलला तो सेल्वम. इशाच्या गाडीचा मुख्य मेकॅनिक, कोइमतूरजवळच्या खेड्यातला. त्याने नारळ दोन्ही हातांनी उचलला. डोक्यामागची उशी, हेडरेस्ट म्हणतात तिला, मधोमध फुटली होती. सीटलाही वरपासून चीर गेली होती. ही सीट प्रत्येक ड्रायव्हरच्या पाठीच्या मापाने फोम ओतून बनवतात. इशाच्या मापाची सीट इशाचं डोकं जिथे असतं तिथेच फुटली होती.

सेल्वमने नारळ खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलायची गरज नव्हती. तीन दिवसांपूर्वी तंबू ठोकताना त्याने वर बोट दाखवून मला विचारलं होतं, "सर, ये नीचे नहीं गिरेगा?"

आणि मी हसून उत्तर दिलं होतं. आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असलेलं उत्तर. "नारळाक डोळे आसतत, तो कोणाच्या टकलेर पडणा नाय." मग त्याला हिंदीत अर्थ सांगितला, नारळाला डोळे असतात, तो कोणाच्या डोक्यावर पडत नाही. तो म्हणाला, "हमारे गाँव में भी ऐसा बोलते हैं, सर. लेकिन हम लोग उसके नीचे खाट नहीं डालते." मी त्यालाही हसलो. माडाखाली सावली दाट होती, गाड्या तापल्या नसत्या, आणि मला सावलीच दिसत होती.

त्या सकाळी इशा पहिल्या वेळी उतरताना अडखळली होती. कोपराला बेल्ट अडकला. मी म्हणालो, पुन्हा एकदा. ती म्हणाली, "काका, जेवणानंतर करू ना." मी ऐकलं नाही, आत्ताच म्हणून हट्ट धरला. त्या हट्टामुळे ती वाचली असं नंतर बरेच जण म्हणाले. मी कोणालाच दुजोरा दिला नाही. कारण मी स्टॉपवॉचकडे बघत होतो ना, ते तिला तिसऱ्यांदा बसवायचं की नाही हे ठरवण्यासाठी.

रेस डायरेक्टर करंदीकर पाच मिनिटांत आले. पुण्याचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी नारळ पाहिला, सीट पाहिली, वर पाहिलं. मग तंबूबाहेर जाऊन रस्त्याकडे पाहिलं. मीही त्यांच्यामागे जाऊन पाहिलं.

रस्त्याच्या एका बाजूला सलग माडांची वाडी. समुद्राकडच्या उजेडाच्या ओढीने जवळजवळ प्रत्येक माड रस्त्यावर झुकलेला. प्रत्येकाच्या गळ्यात सुकलेले, तपकिरी नारळ. दहा दिवस मी तो रस्ता वीतवीत तपासत होतो. खड्डे मोजले, खिळे वेचले, झाकणं ठोकून पाहिली. मान एकदाही वर केली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"हे गाडीखाली आलं तर?" करंदीकरांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. ते माझ्याकडून वदवून घेत होते.

"उघडं चाक त्यावर चढेल. गाडी उडेल."

"आणि जाळीपलीकडे लोक आहेत."

"हो."

"काल सराव झाला. एकही पडला नाही?"

"नशीब."

"पॅडॉक इथे लावायला कोणी पास केलं?"

"मी."

"झाडं का बघितली नाहीत?"

मी खरं ते सांगितलं. "साहेब, मी इथला आहे म्हणून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "रेस तीन वाजता. दोनपर्यंत मला रस्त्यावर एकही लटकता नारळ दिसता कामा नये. दिसला तर मी रद्द करतो." साडेदहा वाजले होते.

पण खरा धक्का अजून बाकी होता. वाडी इसुबभाईंची. वय सत्तरीचं, बंदरावर वडिलोपार्जित सुक्या मासळीचा धंदा, आणि ही माडांची वाडी. पॅडॉकला जागाही त्यांनीच दिलेली. मी त्यांच्या अंगणात शिरलो तेव्हा ते खुर्ची बाहेर काढून रेस बघायच्या तयारीत बसले होते. मी घाईघाईने काय झालं ते सांगितलं. ते ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "दोन आठवड्यामागे मी तुमच्याकडे इल्लंय. आठवता काय?"

आठवलं. आणि तिथेच पडवीच्या पायरीवर मी खाली बसलो.

आमच्याकडे दर दीड-दोन महिन्यांनी पाडप होतं. म्हणजे पाडेली, नारळ काढणारा माणूस, माडावर चढून तयार नारळ पाडतो. पाडप वेळेवर झालं तर सुका नारळ झाडावर राहतच नाही, मग पडणार काय? आमची ती म्हण याच्याच जोरावर टिकली आहे. इसुबभाई दोन आठवड्यांपूर्वी तेच सांगायला आले होते. पाडपाची वेळ झालीय, पाडेली ठरलाय, दोन दिवस रस्ता मोकळा द्या. मी म्हणालो होतो, ठोकळे लावायचं काम चालू आहे, रस्त्यावर नारळ पडले तर नवं डांबर खराब होईल, आता रेसनंतर करा. ते म्हणाले, बरां. आणि परत गेले.

म्हणजे नारळ त्या झाडांवर मीच ठेवले होते. शरमेने माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

"इसुबभाई, चुकलंय मी," मी म्हणालो. "तेव्हा तुमी जोर करूक होयो होतो."

"तुमी सायेब होतास," ते म्हणाले. "आनी गावचे. माका वाटला, तुमका ठावक आसतला."

"आमी म्हणतो ना, नारळाक डोळे आसतत."

"डोळे आसतत, खोटा नाय. पण ते सोडणाखाली. सोलल्याशिवाय त्यांका काय दिसतला?" ते उठले. "चला. बाबल खंय आसा तो बगूया."

बाबल म्हणजे त्यांचा पाडेली. आम्ही त्याच्या घरी फोन केला. बायको म्हणाली, ते तर सकाळीच रेस बघूक गेले. बाबल आणि त्याचे दोन भाऊ, तिघेही पाडेली, कुठे होते? आमच्याच जाळीला नाक लावून उभे. रस्त्यावर पहारा देणारा आमचा मार्शल शिटी वाजवून त्यांना मागे हटवत होता. मी धावत गेलो, त्यांना जाळीच्या आत घेतलं आणि नारिंगी जॅकेटं दिली. मार्शल माझ्याकडे बघतच राहिला.

रस्त्यावर झुकलेले साठेक माड होते. तिघे पायात काथ्याचा फास अडकवून, कमरेला कोयता लावून चढले. डांबर फुटू नये म्हणून घड दोरीने खाली सोडायचं ठरलं. खाली झेलायला माणसं कमी पडली तेव्हा सगळ्या टीमचे मेकॅनिक आले. आगीपासून बचावाचे जाड सूट घातलेली पोरं मार्चच्या उन्हात खांद्यावर नारळाचे घड वाहत होती. इकडे सेल्वमने तंबू उचलून उघड्या मैदानात नेले. उन्हात पाना हाताला चटका देत होता. एकाही मेकॅनिकने तक्रार केली नाही. इशा स्वतः घड ओढत होती. मी तिला म्हणालो, तू बस जरा. ती म्हणाली, "काका, बसायची भीती वाटतेय." मीही तिच्याबरोबर घड ओढू लागलो.

दीडला एकच माड उरला. सगळ्यात अवघड वळणावरचा, सगळ्यात जास्त झुकलेला, घडांनी लगडलेला. बाबलने खोडावर कोयत्याच्या मुठीने टकटक केलं. दुसऱ्या जागी केलं. मग फास पायातून काढला.

"ह्याका भुंगो लागलोहा. आतून पोकळ. मी चढाचंय नाय."

भुंगा म्हणजे खोड आतून पोखरणारा किडा. पोकळ माडावर माणूस चढला तर माणसासकट माड येतो. करंदीकर घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "मग झालं, नाईक. मी घोषणा करतो." त्यांचा दोष नव्हता. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं.

इसुबभाईंनी बाबलकडे कुऱ्हाडीसाठी हात पुढे केला. "कुराड हाड."

मी म्हणालो, "इसुबभाई, अजून फळ धरता हा तो. आणि मालक म्हणून तुमका आमी हेच्यासाठी कसा सांगू?"

"माड मी परत लावतलंय," ते म्हणाले. "ह्यां चेडू खंयसून हाडतलास?"

इशाला मालवणी येत नाही. तिने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, माड परत लावता येईल, ही पोर कुठून आणणार. ती वळणावरच्या ठोकळ्यापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली आणि बराच वेळ तिने तोंड वळवलं नाही.

शेंड्याकडे दोरी फेकून फास आवळला. वीसेक माणसांनी ती वाडीच्या बाजूने ओढून धरली. पहिला घाव इसुबभाईंनी घातला, बाकीचे बाबलने. माड वाडीत आडवा झाला तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती. बुंधा खरोखरच पोकळ होता, आत नुसता भुगा. समुद्रावरच्या वाऱ्यात तो किती दिवस टिकला असता कोणास ठाऊक. कालच्या सरावात चौदा गाड्या त्याच्याखालून गेल्या होत्या. ते बघून करंदीकर पहिल्यांदाच खाली बसले.

रेस तीनऐवजी साडेतीनला सुरू झाली. सेल्वमने दुसऱ्या गाडीची जास्तीची सीट आणून, टॉवेलच्या घड्या घालून इशाच्या मापाची केली. ती सहावी आली. कोणाला खरचटलंही नाही. गावाला एवढंच आठवतं की रेस छान झाली आणि पाडलेल्या माडाची शहाळी फुकट मिळाली.

रेसनंतर प्रत्येक घटनेचा अहवाल लिहावा लागतो. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. बहुतेक लोक तिथे 'तांत्रिक' लिहितात. मी माझं नाव लिहिलं आणि खाली पाडपाची हकिगत लिहिली. करंदीकरांनी वाचून सही केली. म्हणाले, "तपासणीच्या यादीत एक ओळ वाढवा." मी वाढवली. 'वर पाहणे.' यादीत एकाहत्तर ओळी होत्या, आता बाहत्तर झाल्या. बाहेरचा माणूस विचारतो, आणि गावचा माणूस उत्तर देतो. यादी विचारणाऱ्यासाठी नसते, उत्तर देणाऱ्यासाठी असते, एवढं मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

इशाला त्यानंतर मी दोनदा रेसमध्ये पाहिलं. दोन्ही ट्रॅक माळावरचे, मैलभरात झाड नाही. गाडीत बसली, बेल्ट आवळले, आणि हेल्मेटची काच खाली ओढण्याआधी तिने मान मागे टाकून एकदा आकाशाकडे पाहिलं. माझ्या शेजारचा मार्शल कौतुकाने म्हणाला, "देवाचं नाव घेते बघा पोरगी."

मी हो म्हणालो. खरं कारण सांगायला माझी जीभ रेटेना.