गुडघ्याचं बेअरिंग

माझ्या गुडघेदुखीचं निदान सगळ्यात आधी माझ्या नवऱ्याने केलं. आर्णीत त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जिना उतरताना माझ्या उजव्या गुडघ्यातून कर्रकन आवाज आला. तो ऐकून हे म्हणाले, "बेअरिंग गेलं तुह्यं."

तेव्हा मी हसले. पण एक्स-रे पाहून इथल्या डॉक्टरांनीही 'गुडघा झिजलाय' म्हटलं आणि यांना जोर चढला. झिजलेलं बेअरिंग चालवलं की आणखी झिजतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. "जेवढी चालशीन तेवढं घासते. उरलंसुरलं पुरवून वापर. बसून राह्य." बाजार ते आणू लागले, दळण सून नेऊ लागली आणि मी दारातल्या खुर्चीत बसले.

मी ऐकलं, कारण मी घाबरले होते. आमच्या गल्लीतल्या एक बाई पलंगालाच खिळल्यात, त्यांना उचलून संडासला न्यावं लागतं. उद्या माझं तेच झालं तर? ही धास्ती मी कुणाला सांगितली नाही, चिडचिड मात्र सगळ्यांवर केली. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी रोज घेत होते. ब्लडप्रेशरची गोळी चालू होतीच. हळूहळू पाय सुजू लागले, आणि गंमत म्हणजे बसून बसून गुडघा जास्तच आखडला. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांवर जोर द्यावा लागे.

शेवटी आम्ही एसटीने यवतमाळला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी माझ्या दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट बाजूला ठेवलं. "ब्लडप्रेशर असताना ही रोज घेत होता? किडनीला त्रास होतो याने." रक्त तपासायला सांगितलं. मग मांडी दाबून पाहिली. "ही इतकी बारीक कशानं झाली?"

यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "म्या चालूच देल्लं नाई तिले. बेअरिंग घासते ना."

बाई हसल्या नाहीत. "काका, बेअरिंग जिवंत नसतं, गुडघा असतो. मांडीत ताकद नसली की सगळा भार सांध्यावर येतो. यांना बसवून ठेवाल, तर खरंच बसतील."

वरून लावायचं मलम, फारच दुखलं तर साधी गोळी, मांडीचे व्यायाम, थोडं वजन कमी करायचं, डाव्या हातात काठी धरायची आणि रोज चालायचं. थोडं दुखलं म्हणजे लगेच झिजलं असं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत राहिले. "म्याच बसवलं तुले," एवढंच म्हणाले. मला राग आलाच होता. पण रक्ताच्या रिपोर्टची अशी भीती बसली होती की भांडायलाही जीव नव्हता.

रिपोर्ट चांगला आला. व्यायाम सुरू झाले. चालताना मात्र प्रत्येक पावलाला आत काहीतरी घासतंय असंच वाटायचं. डॉक्टरीणबाईंपेक्षा नवऱ्याचे शब्द डोक्यात जास्त घट्ट बसले होते. मग मी मध्येच थकले तर बसायला म्हणून हे प्लास्टिकची खुर्ची उचलून माझ्या मागून येऊ लागले. गल्लीतले हसायचे. "काका, वरात कोनाची हाये?"

परवा मी न थांबता कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकापर्यंत गेले. दुखत होतं, पण गेले. शाबासकी घ्यायला मागे वळले, तर हे अर्ध्या वाटेत खुर्ची टेकवून स्वतःच तिच्यात बसलेले. हात गुडघ्यावर.

"काय झालं?" मी ओरडले.

"काई नाई. तू चाल."

काठी टेकत मी परत त्यांच्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

"उठा," मी म्हटलं. "हळूहळू चला, पन बसू नोका."